तीन मुलं, तीन फाटकं, दोन पाळ्या : दांडिया बाजारातल्या एका घराचं प्रकरण

बडोद्यात मूल कुठल्या शाळेत जातं हे विचारलं की पुढचा प्रश्न पाळीचा येतो. एकाच इमारतीत सकाळी मोठे वर्ग आणि दुपारी धाकटे, किंवा त्याच्या उलट, अशी व्यवस्था इथल्या बऱ्याच शाळांत आहे. एकच मूल असलेल्या घराला पाळीचं फारसं काही वाटत नाही. मुलं तीन असली, शाळाही तीन असल्या आणि त्यातली दोन मुलं वेगळ्या पाळ्यांत असली, की दुपारी सव्वाबारा ते एक या वेळात सगळं घर अडकतं. या प्रकरणात माणसांची आणि शाळांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

घर दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात, पहिल्या मजल्यावर. जिन्याला बावीस पायऱ्या आहेत, आणि पुढे त्या महत्त्वाच्या ठरतात. थोरली दहा वर्षांची, पाचवीत. तिची शाळा ओल्ड पादरा रोडच्या बाजूला, घरापासून साधारण साडेचार किलोमीटर. मधला या जुलैत सात वर्षांचा झाला, पहिलीत आहे आणि त्याची शाळा कारेलीबागेत, घरापासून चार किलोमीटर. धाकटी तीन वर्षं आठ महिन्यांची. तिचं बालमंदिर साडेतीनशे मीटरवर, चालत जाण्याच्या अंतरावर. बाबा मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत), साडेआठची हजेरी. आई अलकापुरीत एका फर्मच्या हिशेबखात्यात, सोमवार ते शुक्रवार दहा ते पाच. घरी आजी, वय अडुसष्ट, गुडघे दुखरे, गाडी चालवत नाही.

भावंडं एका शाळेत का नाहीत? गुजरातमध्ये २०२३-२४ पासून पहिलीच्या प्रवेशासाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण असणं सक्तीचं झालं. मधल्याचा वाढदिवस जुलैतला, म्हणून तो एक वर्ष थांबला, आणि तोवर बहिणीच्या शाळेतल्या पहिलीच्या जागा भरल्या. जुलै-ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांच्या घरांनी ही गोष्ट दोन वर्षं आधीच विचारात घ्यावी.

गेल्या वर्षापर्यंत सगळं ठीक चाललं होतं. या जूनमध्ये तिन्ही मुलांचं वेळापत्रक एकदम बदललं. थोरली चौथीतून पाचवीत गेली आणि दुपारपाळीतून सकाळपाळीत आली, मधला पहिलीत गेल्यामुळे दुपारपाळीत, आणि धाकटी पहिल्यांदाच घराबाहेर. प्रवेशाच्या गडबडीत घरच्यांनी फी पाहिली, माध्यम पाहिलं, अंतरही पाहिलं. तीन शाळांच्या वेळा मात्र एका कागदावर कधी मांडल्या नाहीत.

मांडल्यावर असं दिसलं. थोरली : आत ७:१०, सुटते १२:२०. धाकटी : आत ८:४५, सुटते ११:१५. मधला : आत १२:३०, पण फाटक १२:२५ लाच बंद, त्यानंतर ऑफिसात जाऊन उशिराच्या वहीत सही. सुटतो ५:३०. शनिवारी बालमंदिर बंद, आणि दुपारपाळीची शाळाही सकाळची होते : थोरली ७:१० ते १०:३०, मधला ७:३० ते ११:००.

मुलं नव्हे, फाटकं मोजायची

अशा घरात सहसा मुलं वाटून घेतात : ‘थोरली बाबांची, धाकटे दोघे आईचे.’ वाटणी बरोबर वाटते आणि पहिल्याच आठवड्यात फसते, कारण मूल एक असलं तरी त्याची फाटकं दोन असतात, आत जायचं आणि बाहेर यायचं, आणि त्या दोन्ही वेळी तोच मोठा माणूस मोकळा असेल असं नाही. म्हणून आधी फाटकं मोजावीत. या घरात सोमवार ते शुक्रवार रोज सहा आणि शनिवारी चार, म्हणजे आठवड्याला चौतीस फाटकं. त्यांतली बाबांकडे सहा (थोरलीला रोज सकाळी सोडणं), आजीकडे पाच (धाकटीला आणणं), आणि उरलेली तेवीस आईकडे. हा आकडा कागदावर येईपर्यंत घरात सगळ्यांची समजूत होती की कामं साधारण सारखी वाटली गेली आहेत. आईलाही तसंच वाटत होतं, हे विशेष.

तेवीसपैकी खरी अडचण दोनच फाटकांची होती. थोरली सुटते १२:२० ला, मधला आत हवा १२:२५ च्या आधी. दोन्ही आईकडे. दोन शाळांमधलं अंतर सात किलोमीटर, आणि मध्ये विश्वामित्री नदी आणि रेल्वेचे रूळ.

आईची दुपार अशी जात होती. ११:५० ला अलकापुरीतून ॲक्टिव्हा काढायची. गरनाळ्यातून (रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यातून) सयाजीगंज, काला घोडा, कोठी, रावपुरा करत १२:०३ ला घर. मधल्याला घेऊन १२:०७ ला निघायचं, सलाटवाडा-नागरवाडामार्गे १२:२४ ला कारेलीबागेचं फाटक. १२:२८ ला तिथून सुटून ओल्ड पादरा रोडला १२:५२. थोरलीला घेऊन १:१० ला घरी, १:१५ ला पुन्हा निघून १:२८ ला ऑफिसात. अठ्ठ्याण्णव मिनिटं, साडेबावीस किलोमीटर, आणि जेवणाची सुट्टी पंचेचाळीस मिनिटांची. रोजची त्रेपन्न मिनिटं ऑफिसातून उसनी घ्यायची, आणि स्वतः जेवायचं केव्हा, तर नाहीच.

यात मधल्याच्या फाटकापाशी हातात राहतं एक मिनिट. दहा दिवस वहीत वेळा टिपल्या तेव्हा चार दिवस तो उशिरा पोचला होता. एकदा ओळखपत्र सापडेना, एकदा बुटाची लेस, एकदा आईला निघता निघता साहेबांनी थांबवलं, एकदा गरनाळ्यात पाणी. चारही कारणं किरकोळ, ज्या घरात मुलं आहेत तिथे रोज यातलं काहीतरी घडणारच. एका मिनिटाच्या सवडीवर आखलेली योजना महिन्यातून आठ-दहा वेळा मोडणार हे गृहीत धरावं, आणि मोडली की मुलावर चिडू नये.

उशिरापेक्षा जास्त काळजीची गोष्ट दुसऱ्या टोकाला होती. थोरली १२:२९ पासून १२:५२ पर्यंत, तेवीस मिनिटं, फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभी राहत होती. दुपारपाळीची मुलं आत आली की वॉचमन फाटक लावून घेतो, त्यामुळे तिला परत आत जाता येत नव्हतं. दहा वर्षांची मुलगी, भर उन्हात, दोन पाळ्यांच्या रिक्षा-व्हॅनच्या गर्दीत. मधल्याच्या उशिराची चिठ्ठी घरी येत होती, म्हणून सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे. थोरलीच्या उभं राहण्याची चिठ्ठी कोणी पाठवत नव्हतं, आणि तीही काही बोलत नव्हती.

वेळ कुठे जाते

वहीत प्रत्येक फेरीच्या चार वेळा लिहाव्यात : घरातून (किंवा ऑफिसातून) पाऊल बाहेर, गाडी सुरू, फाटकाशी गाडी उभी, मूल हातात किंवा आत. आठ-दहा दिवस पुरतात. बहुतेक लोक फक्त रस्त्याची वेळ धरतात, तीही रात्री फोनवर नकाशा बघून. या घरात ओल्ड पादरा रोड ते घर हा रस्ता पंधरा मिनिटांचाच निघाला, अकोटा-दांडिया बाजार पुलावरून दुपारी फारसं अडत नाही. वेळ जात होती फाटकापाशी. घंटा १२:२० ची, पण मजल्यामजल्यानं वर्ग सोडतात आणि पाचवीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. मूल बाहेर येतं १२:२९ ला. तिथून दप्तर पुढे ठेवून, गर्दीतून गाडी वळवून मोकळ्या रस्त्याला लागायला आणखी चार मिनिटं. म्हणजे १२:२० हा आकडा हिशेबात धरायचाच नाही, १२:३३ धरायचा. शाळेची वेळ कळली म्हणजे मूल हातात यायची वेळ कळली असं नाही. ती फाटकाशी उभं राहून, घड्याळ बघूनच कळते, आणि वर्गाचा मजला बदलला की बदलते.

गरनाळ्याचं बडोदेकरांना नव्यानं सांगायला नको. जोराची सर आली की अलकापुरीचं गरनाळं भरतं आणि सगळी वाहतूक जेतलपूर पुलाकडे वळते. सहा ते आठ मिनिटं वाढतात, आणि एक मिनिटाच्या सवडीत ती मावत नाहीत. पावसाळ्यापुरतं वेळापत्रक कायम जेतलपूर-अकोटामार्गेच धरावं. कोरड्या दिवशी पाच मिनिटं आधी पोचलो तर काही बिघडत नाही.

जे करून पाहिलं आणि सोडलं

उलटा क्रम, म्हणजे आधी थोरली, मग मधला : थोरली घेऊन निघेपर्यंत १२:३३, कारेलीबाग १२:५७. कागदावरच निकालात.

मधल्याला घेऊन आधी थोरलीच्या शाळेत, तिथून दोघांना गाडीवर बसवून कारेलीबाग : वेळेतही बसत नाही आणि कायद्यातही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे दुचाकीवर चालवणाऱ्याखेरीज एकालाच बसता येतं, आणि मूल लहान आहे म्हणून त्याला सूट नाही. कलम १९४-क खाली हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बाद. लायसन्स तीन महिने गेलं तर या घरातली तेवीस फाटकं बंद पडली असती, दंडापेक्षा ते भारी. हेल्मेट चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागतं. चार वर्षांखालच्या मुलासाठी फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम लागू आहे : चालवणाऱ्याच्या अंगाला जोडलेला पट्टा (तीस किलो वजन पेलणारा), मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि वेग ताशी चाळीसच्या आत. धाकटी अजून या नियमात येते. ती रोज चालत जात असली तरी डॉक्टरकडे, बाजारात गाडीवरूनच जाते, म्हणून पट्टा घरात हवाच.

वर्गमैत्रिणीच्या आईनं थोरलीला आणायचं : हे आठ दिवस चाललं. मग मैत्रीण आजारी पडली, आणि तिच्या घरून निरोप १२:१५ ला आला. शेजारधर्मावर आखणी करायला हरकत नाही, पण ती दुसऱ्या फळीसाठी. रोजचा भार शेजारधर्मावर टाकला की दोन्ही घरांत संकोच वाढतो आणि तोंडानं कोणी काही म्हणत नाही.

ठरलेली आखणी

नियम एकच ठेवला : एका वेळी एका माणसाकडे एकच फाटक, आणि प्रत्येक फाटकाला नावानिशी दुसरा माणूस. त्यासाठी दोन फाटकं पैसे देऊन बाहेर काढली. थोरलीला परत आणायला वर्दीची, म्हणजे महिन्याच्या बोलीवर शाळेची मुलं ने-आण करणारी, व्हॅन, शनिवारसकट. मधल्याला सोडायला वर्दीची रिक्षा, ११:५० ला. मधल्याला ५:३० ला आणणं आईनं स्वतःकडे ठेवलं. पाचला ऑफिस सुटतं, वेळ जुळते, आणि पहिलीच्या मुलाच्या बाई फाटकाशी दोन मिनिटं भेटतात. ती दोन मिनिटं वर्दीवाल्याकडे सोपवण्यासारखी नाहीत.

नव्या वाटणीत आईकडे तेवीसऐवजी बारा फाटकं राहिली, बाबांकडे सहा, आजीकडे पाच, व्हॅनकडे सहा, रिक्षाकडे पाच.

पैशाचा हिशेब असा. व्हॅनचे एका वेळचे महिना हजार ठरले, रिक्षाचे आठशे. एका वेळचे पैसे दोन्ही वेळच्या निम्मे कधीच नसतात, कारण वर्दीवाल्याची जागा तर अडतेच. दुसरीकडे आईच्या दुपारच्या फेऱ्या महिन्याला जवळपास पाचशे किलोमीटरच्या होत्या, म्हणजे अकरा लिटर पेट्रोल, हजाराच्या आसपास. वरचा बोजा सात-आठशेचा. पूर्वी उशिरापायी कापली जाणारी अर्धी रजा त्यात धरली तर तोही उरत नाही. ठरवताना दोन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात : मे महिन्याचे आणि दिवाळीच्या सुट्टीचे पैसे द्यायचे की नाहीत, आणि शनिवारच्या बदललेल्या वेळेला गाडी येणार की नाही. भांडणं याच दोन गोष्टींवरून होतात.

वर्दी ठरवताना काय बघायचं

हा भाग घाईत उरकण्यासारखा नाही. जून २०२४ मध्ये मांजलपूर भागात चालत्या व्हॅनचं दार उघडून दोन शाळकरी मुली रस्त्यावर पडल्या होत्या. त्याची चित्रफीत शहरात सगळ्यांनी पाहिली. त्याच महिन्यात, राजकोटच्या गेम झोनमधल्या आगीनंतर, राज्यभर शाळेच्या गाड्यांची तपासणी झाली आणि अहमदाबादेत वर्दीवाले संपावर गेले. घरांची तारांबळ उडाली, पण तपासणी व्हायलाच हवी होती.

गाडी दिवसाउजेडी, मुलं नसताना, पाऊण तास काढून बघावी. नंबरप्लेट पिवळी, काळ्या अक्षरांची हवी. पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी, आणि अपघात झाला तर विम्याची कंपनी तिथेच हात वर करते. आरसी, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी या पाचांचे फोटो मागावेत. खरा वर्दीवाला फोटो द्यायला कां-कूं करत नाही. दार आतून-बाहेरून तीन-चारदा लावून, मग आतून जोरात ढकलून बघावं. मागच्या दाराची कडी ढिली असेल तर तिथेच नाही म्हणावं. खिडक्यांना आडव्या सळया आहेत का पाहावं. सीएनजीची टाकी मागे असते आणि तिच्यावर फळी टाकून मुलं बसवायची पद्धत सर्रास आहे. तिथे आपलं मूल बसणार नाही हे स्पष्ट सांगावं, आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी कधी झाली ते पत्र्यावरच्या तारखेवरून बघावं. अग्निशामक आणि औषधाची पेटी कुठे आहे ते चालकाला विचारावं. त्याला शोधावं लागलं तर ती नसल्यातच जमा.

मुलं किती? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निर्देशांप्रमाणे बारा वर्षांखालची मुलं आसनसंख्येच्या दीडपटीपेक्षा जास्त बसवता येत नाहीत. आसनसंख्या आरसीत लिहिलेली असते, दीडपट आपण करावी आणि मग एखाद्या दुपारी न सांगता शाळेबाहेर उभं राहून मोजावं. या घरानं पहिली पाहिलेली व्हॅन याच मोजणीत बाद केली.

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारायला विसरतात : आपलं मूल कितव्या नंबरला उतरणार? थोरली चौथी उतरते. १२:४० ला सगळी मुलं भरल्यावर व्हॅन निघते आणि दांडिया बाजारात १:०५ ते १:१० ला येते. ॲक्टिव्हावर पंधरा मिनिटांत होणारा रस्ता व्हॅननं पंचवीस-तीस मिनिटांचा होतो. तो स्वीकारला, कारण उभं राहणं संपलं आणि सावली मिळाली. आठव्या नंबरला असती तर स्वीकारायला नको होता. दोनची वेळ, रिकामं पोट आणि बंद गाडीतली गरमी याने मुलांना ओकाऱ्या होतात.

आजीचा जिना

पहिले तीन आठवडे आखणी उत्तम चालली, आणि मग आजीचे गुडघे सुजले. कारण कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आजीची फाटकं पूर्वीइतकीच, पाच. पण वर्दीच्या दोन गाड्यांपाशी मुलं देणं-घेणं तिच्यावर आलं होतं. धाकटीला आणायला ११:०५ ला खाली, परत वर. मधल्याला रिक्षात बसवायला ११:५० ला खाली, परत वर. थोरलीला घ्यायला एकला खाली, परत वर. पूर्वी रोज बावीस पायऱ्या चढायची ती आता सहासष्ट चढत होती. आखणी करणाऱ्यांनी रस्ते मोजले, जिना मोजला नाही.

दुरुस्ती सोपी निघाली. मधल्याचं जेवण पाऊण तास आधी, १०:३० ला आणलं. ११:०५ ला आजी आणि मधला दप्तरासकट एकत्रच खाली उतरतात, धाकटीला आणतात, आणि तिघं तळमजल्याच्या शेजाऱ्यांच्या ओट्यावर रिक्षा येईपर्यंत बसतात. रिक्षा गेली की आजी आणि धाकटी एकदाच वर. थोरलीसाठी आजी खाली येतच नाही. व्हॅन गॅलरीतून दिसेल अशा जागी थांबवायची असं चालकाशी बोलून घेतलं, आजी वरून बघते, थोरली स्वतः जिना चढून येते. सहासष्टच्या पुन्हा बावीस पायऱ्या.

जेवण लवकर झाल्यानं मधल्याला शाळेत तीनच्या सुमाराला जोराची भूक लागते. खाऊच्या डब्यात आधी खाकरा जायचा, तो आता पुरेना. थेपले किंवा पोळीचा लाडू द्यायला लागल्यापासून तक्रार थांबली.

दप्तर भरण्यातही पाळीप्रमाणे फरक करावा लागतो. थोरलीचं दप्तर, ओळखपत्र, बूट रात्रीच दारापाशी. मधल्याचं रात्री भरून उपयोग नाही, कारण त्याचा अभ्यास सकाळी होतो आणि वही पुन्हा बाहेर येते. त्याचं दप्तर आई सव्वानऊला, ऑफिसला निघण्याआधी, त्याच्यासमोर भरते आणि ओळखपत्र लगेच गळ्यात घालते. ओळखपत्र शोधण्यानं झालेला उशीर त्यानंतर एकदाही झाला नाही. दप्तराचं वजन एकदा काट्यावर करून पाहावं : २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो आणि तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो सांगितलं आहे. थोरलीचं साडेचार निघालं, त्यात एक किलोची नुसती पाण्याची बाटली होती.

निरोपाची पद्धत

‘पोचली’, ‘निघाला’ असे रोजचे मेसेज चार दिवस सगळे वाचतात, पाचव्या दिवसापासून कोणी उघडत नाही, आणि एखाद्या दिवशी मेसेज आलाच नाही तर ते लक्षात येत नाही. म्हणून इथे उलट केलं. थोरली घरात आली की आजी आईला एक मिस कॉल देते, साधारण १:१० ला. १:२० पर्यंत मिस कॉल नाही, तर आई चालकाला फोन करते. आईच्या फोनवर १:२० चा गजर आहे. मिस कॉल आला की ती तो बंद करते, नाही आला तर तो वाजतोच. आठवणीवर काहीच सोडलेलं नाही.

थोरलीसाठी तीन सूचना : घंटेनंतर व्हॅनच्या ठरल्या जागी जायचं, दहा मिनिटांत गाडी नाही दिसली तर रस्त्यावर न थांबता वॉचमनच्या केबिनमध्ये, दुसरं कोणी न्यायला आलं तर घरचा खुणेचा शब्द विचारायचा. केबिनसाठी आईनं मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला. तोंडी सांगितलेलं वॉचमन बदलला की संपतं.

रिक्षेबाबत एक कडक नियम. बदली चालक येणार असेल तर आदल्या रात्री त्याचा फोटो आणि गाडीचा नंबर आला पाहिजे. नाही आला तर मुलगा जाणार नाही. दुसऱ्याच आठवड्यात अनोळखी चालक दारात उभा राहिला, म्हणाला, मोठ्या भावानं पाठवलंय. आजीनं एवढंच सांगितलं, “भाई, आजे एने नथी मोकलवो” (भाऊ, आज याला पाठवायचं नाही), आणि मुलाला ओट्यावर बसवून ठेवलं. चालक खराच भाऊ निघाला, मुलाची शाळा एक दिवस बुडाली, घरात थोडी कुरबुरही झाली. आजीचं बरोबर होतं. ज्या नियमाला पहिल्याच वेळी अपवाद केला, तो चालकही पाळत नाही. त्यानंतर फोटो न चुकता येतो.

नदीपलीकडची मुलगी

दांडिया बाजार आणि कारेलीबाग विश्वामित्रीच्या एका काठाला, अकोटा आणि ओल्ड पादरा रोड दुसऱ्या काठाला. काला घोडा पुलापाशी धोक्याची पातळी २६ फूट मानतात. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांवर गेलं आणि अर्धं शहर तुटलं. पूर येणार असेल तर शाळांना सुट्टी आधी जाहीर होते हे खरं, पण सकाळपाळी भरल्यानंतर पाणी चढलं तर काय, हा प्रश्न फक्त थोरलीचा आहे. तिन्ही मुलांत ती एकटीच पलीकडे असते.

म्हणून शाळेतल्या ‘मुलाला कोण नेऊ शकतं’ या फॉर्मवर आई-बाबांशिवाय तिसरं नाव गोत्रीत राहणाऱ्या मामींचं घातलं. मामी शाळेच्याच काठाला राहतात, एकही पूल न ओलांडता पोचतात. पूर्वी तिथे वाड्यातल्या शेजारच्या काकांचं नाव होतं. माणूस विश्वासाचा, पण ज्या दिवशी आईला पूल ओलांडता येणार नाही त्या दिवशी त्यांनाही येणार नाही. मामी एकदा प्रत्यक्ष शाळेत जाऊन ऑफिसात तोंडओळख करून आल्या, थोरलीच्या दप्तरात रात्रीच्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत जून ते सप्टेंबर राहतो. त्यानं दप्तर पाव किलोनं वाढतं, तेवढं चालेल.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या, आधीचे पंधरा दिवस गाडीवरून मुलांना नेताना वेगळी काळजी. हँडलवर तारेची कमान बसवून घ्यावी, दोघांच्याही गळ्याला जाड मफलर, आणि मूल पुढे पायठेवणीवर उभं करायचं नाही. आडवा आलेला मांजा पहिल्यांदा त्याच्याच मानेला लागतो.

दहा आठवड्यांनंतर

मधला एकदाच उशिरा पोचला, रिक्षा पंक्चर झाली तेव्हा. थोरली केबिनमध्ये दोनदा बसली. १:२० चा गजर तीनदा वाजला : दोनदा व्हॅन अडकली होती, एकदा आजी मिस कॉल विसरली.

सुटलेलं नाही ते असं. दुपारची सगळी घडी आजीवर आहे. ती एक दिवस आजारी पडली तर मुलं देणारं-घेणारं कोणी नाही. त्यासाठी तळमजल्याच्या काकूंना आधीच विचारून ठेवलंय आणि आईनं ऑफिसात महिन्याला एक अर्धी रजा राखून ठेवलीय, पण सलग तीन दिवसांचं आजारपण यात निभणार नाही. शनिवारी सकाळी ७:१० आणि ७:३० ही दोन फाटकं शहराच्या दोन टोकांना असतात, त्यामुळे दोन्ही गाड्या आणि दोन्ही पालक लागतातच. बाबांना त्या दिवशी पहाटेची पाळी लागली की ओढाताण होते. उन्हाळ्यात बऱ्याच शाळा सकाळच्या वेळेवर येतात, तेव्हा हा शनिवार रोजचा होईल. बाबांनी त्या आठवड्यांसाठी पाळी बदलून मागणारा अर्ज फेब्रुवारीतच द्यायचं ठरलं आहे.

पुढच्या जूनमध्ये धाकटी मोठ्या गटात जाईल आणि तिची सुटायची वेळ ११:४५ होईल. रिक्षा येते ११:५० ला, आणि बालमंदिर ते ओटा आजीच्या चालीनं आठ मिनिटं.